खड्ड्यात गाडी आपटली, भरपाई मागायची कुणाकडे?

मागच्या व्हिडिओत डिलिव्हरीचा खर्च मालाच्या किमतीत कसा धरायचा ते आपण पाहिलं. त्यात मी ओघात बोलून गेलो की एका खड्ड्याने माझे एका रात्रीत 22 हजार खाल्ले. तेव्हापासून बॅचमध्ये एकच प्रश्न येतोय, "सर, मग क्लेम नाही का केला?" केला ना. दोन ठिकाणी केला आणि दोन्हीकडून हात हलवत परत आलो. चूक माझीच होती. तीच तुमच्याकडून होऊ नये म्हणून आज सविस्तर लिहितोय.

झालं असं. जुलैचा महिना, शुक्रवार, रात्रीचे पावणेदहा. शनिवारी सकाळी एका मिठाईवाल्यांना 600 बॉक्स द्यायचे होते. टेम्पो मिळेना, म्हणून मागची सीट पाडून स्वतःच्या कारमध्येच माल भरला. पाऊस चालू, रस्त्यावर पाणी साचलेलं, त्यामुळे खड्डा दिसलाच नाही. पुढचं डावं चाक दाणकन आत गेलं. टायर फाटला, रिम वाकली, लोअर आर्म आणि शॉकर गेला. गॅरेजचं बिल 14,600. रात्री दुसरी गाडी बोलावली तिचे 1,400. माल तरीही उशिरा पोचला, म्हणून गिऱ्हाईकाने बिलातून 6,000 कापले. असे ते 22 हजार.

आधी विम्याचं सांगतो, कारण आपल्या सगळ्यांचा हात पहिला तिकडेच जातो. थर्ड पार्टी पॉलिसीत स्वतःच्या गाडीचं नुकसान येत नाही, त्याला ओन डॅमेज कव्हर लागतं. ते माझ्याकडे होतं. सर्व्हेअर आले, फोटो पाहिले आणि विचारलं, "मागे हे बॉक्स कसले?" मी खरं ते सांगितलं. क्लेम नामंजूर! खासगी कारच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. नमुने आणि वैयक्तिक सामान सोडून मालाची वाहतूक त्यात बसत नाही, भाड्याने चालवणंही बसत नाही. पॉलिसी आपण पीडीएफमध्ये ठेवतो आणि वाचत कधीच नाही. तुमच्यापैकी कितीजण घरच्या कारमधून दुकानाचा माल नेता, मला माहीत आहे. रोजचंच काम असेल तर गाडी मालवाहू म्हणून नोंदवा आणि तसाच विमा घ्या. मालवाहू गाडीच्या पॉलिसीत टायर, दिवे, मडगार्ड, बंपर यांच्यासाठी आयएमटी 23 नावाचं जादा कलम लागतं. एजंट ते आपणहून सांगेलच असं नाही, तुम्ही विचारा.

समजा तुमचा क्लेम नियमात बसतो, तरी आधी कॅल्क्युलेटर काढा. साध्या पॉलिसीत नुसता टायर फाटला तर काहीच मिळत नाही. टायरसोबत गाडीचंही नुकसान झालं असेल तर टायरच्या किमतीच्या निम्मे मिळतात. वर 1,500 सीसीपर्यंतच्या कारला 1,000 रुपये आपल्या खिशातून आणि पार्टवर घसारा वेगळा. शिवाय नो क्लेम बोनस जातो. ओन डॅमेजचा हप्ता 10,000 धरा. यंदा 35 टक्के सूट आहे, पुढच्या वर्षी 45 होणार होती आणि त्यापुढे 50. क्लेम घेतला की पुढच्या वर्षी शून्य, मग 20, 25, 35, 45 अशी पुन्हा पहिल्यापासून चढण. पाच वर्षांतला फरक 4,500, 3,000, 2,500, 1,500 आणि 500. बेरीज 12,000. म्हणजे हातात आठ-नऊ हजार येणार असतील तर तो क्लेम तोट्याचा आहे. नो क्लेम बोनस प्रोटेक्शनचं ॲड-ऑन घेतलेलं असेल तर गणित बदलतं.

आता मुख्य मुद्दा, ज्याचा रस्ता त्याच्याकडून भरपाई. इथे एक गैरसमज आधी दूर करतो. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलबद्दल आदेश दिला. मृत्यू झाल्यास वारसांना 6 लाख आणि जखमींना दुखापतीप्रमाणे 50 हजार ते अडीच लाख. हा मेसेज ग्रुपवर फिरला आणि लोकांना वाटलं की गाडीचेही पैसे त्यातूनच मिळतील. नाही. ती रक्कम माणसाच्या जिवाची आणि दुखापतीची आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 साली आलेलं कलम 198अ, म्हणजे निकृष्ट रस्त्यासाठी कंत्राटदाराला 1 लाखापर्यंत दंड, तेही मृत्यू किंवा अपंगत्व आलं तरच लागतं. नुसत्या गाडीच्या नुकसानीसाठी रस्त्याच्या मालकाचा निष्काळजीपणा तुम्हालाच दाखवावा लागतो.

आणि त्याला मुदत आहे. मी तिथेच आपटलो. महापालिकेवर दावा लावण्याआधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल व्हावा लागतो. मुंबईसाठी हे कलम 527 मध्ये आहे, बाकी महापालिकांसाठी 1949 च्या कायद्याच्या कलम 487 मध्ये. नगरपरिषदांच्या कायद्यातही अशी अट आहे. रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा असेल तर दावा राज्य सरकारवर येतो, तिथे नोटीस दोन महिन्यांची. मी दिवाळीचा सीझन संपवून, मार्चएंड उरकून मग कागद काढले. आठ महिने झाले होते. वकील मित्र म्हणाला, "आता चहा पी आणि घरी जा."

मुदतीत असतो तरी माझ्याकडे पुरावा काय होता? फाटलेल्या टायरचे तीन फोटो. खड्ड्याचा एकही नाही. दोन दिवसांनी गेलो तेव्हा तिथे खडी-डांबर टाकून झालं होतं. म्हणून ऐका, गाडी हलवण्याआधी (अर्थात आधी स्वतः सुरक्षित बाजूला होऊन) खड्ड्याचे फोटो घ्या. जीपीएस मॅप कॅमेरा ॲप आपल्याकडे ठेकेदारसुद्धा वापरतात, त्यात तारीख, वेळ, ठिकाण फोटोवरच उमटतं. खोली कळावी म्हणून शेजारी पाण्याची बाटली ठेवा. एक फोटो लांबून, दुकानाची पाटी किंवा विजेच्या खांबाचा नंबर दिसेल असा. जवळच्या पानटपरीवाल्या दादांना विचारा, खड्डा किती दिवसांचा आहे ते त्यांना पाठ असतं. त्यांचं नाव आणि नंबर लिहून घ्या. त्याच रात्री पालिकेच्या ॲपवर तक्रार टाकून क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा. गॅरेजवाल्याला जॉब कार्डवर "खड्ड्यात आदळल्याने" असं लिहायला सांगा, पक्कं बिल घ्या आणि जुने पार्ट भंगारात देऊ नका.

पुढचं काम माहिती अधिकाराचं. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. विचारा की हा रस्ता कोणाच्या ताब्यात आहे, शेवटचं काम कधी झालं, ठेकेदार कोण, दोष दायित्व कालावधी कधी संपतो आणि या जागेबद्दल आधी किती तक्रारी आल्या. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आधी तक्रार आलेली असेल तर "आम्हाला माहीतच नव्हतं" हे उत्तर टिकत नाही. उत्तराला 30 दिवस लागतात, म्हणून अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका आणि उत्तराची वाट बघत नोटीस मात्र थांबवू नका.

आपल्या बॅचमधल्या एका ताई घरून केक बनवतात. त्यांनी हे सगळं वेळेत केलं. दोष दायित्व कालावधी चालू निघाला, त्यांनी नोटिशीची प्रत ठेकेदारालाही पाठवली. दीड महिन्याने ठेकेदाराच्या माणसाचा फोन आला आणि टायर-रिमचे 8,700 मिळाले. रद्द झालेल्या केकच्या ऑर्डरचे मात्र नाही. धंद्याचं नुकसान सिद्ध करणं अवघडच असतं. ऑर्डरचा व्हॉट्सॲप मेसेज, परत केलेल्या ॲडव्हान्सची एंट्री, बदली टेम्पोचं बिल असं काही हातात असेल तरच ते मागा.

टोलचा रस्ता असेल तर वाट थोडी सोपी. तुम्ही पैसे मोजून सेवा घेतलीय, त्यामुळे ग्राहक म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. फास्टॅगचं स्टेटमेंट हीच तुमची पावती. मुदत दोन वर्षांची, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील लागतोच असं नाही आणि एवढ्या छोट्या प्रकरणाला फी नाही. घरपट्टी भरली म्हणून मात्र पालिकेचे ग्राहक ठरत नाही, तो युक्तिवाद करत बसू नका.

नोटिशीला भारी भाषा लागत नाही. माझ्या फाइलमधला नमुना देतो, आयुक्तांच्या नावे:

"दि. ... रोजी रात्री ... वाजता ... रस्त्यावर ... समोर, सुमारे ... इंच खोल खड्ड्यात माझी कार क्र. ... आदळून नुकसान झाले. रस्त्याची देखभाल आपली जबाबदारी असून सदर खड्ड्याबाबत तक्रार क्र. ... नोंद आहे. दुरुस्ती रु. ... व पर्यायी वाहन रु. ..., एकूण रु. ... एक महिन्यात द्यावेत, अन्यथा मी दावा दाखल करीन. ही कलम 487 अन्वये नोटीस समजावी. सोबत फोटो, बिल, जॉब कार्ड."

मुंबईत असाल तर 487 च्या जागी 527 लिहा. खाली नाव, पत्ता, सही. एक प्रत आवक विभागात देऊन दुसरीवर शिक्का घ्या, नाहीतर स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. आणि घटनेच्या तारखेपासून पाच महिने मोजून मोबाईलमध्ये रिमाइंडर आजच लावा, दिवाळीच्या सीझनमध्ये आठवण राहत नाही.