पायाला भिंगरी, पाठीला शिपाई

१५७२ साली इंग्लंडात एखादा फिरता नट न्यायाधीशापुढे उभा राहिला, तर त्याचे पुढे काय करायचे हे कायद्याने नेमके ठरवून दिले होते. आधी फटके. मग उजव्या कानाच्या कूर्चेतून साधारण इंचभर घेराची तापलेली सळई आरपार. गुन्हा एवढाच, की तो गावोगाव हिंडून खेळ करत होता. त्याच यादीत अस्वलवाले होते, हातचलाखीवाले होते, भांडी सांधणारे आणि फेरीवाले होते, आणि परवान्याशिवाय भीक मागणारे ऑक्सफर्ड-केंब्रिजचे विद्यार्थीसुद्धा होते. नटाला सुटकेची मुख्य वाट एक होती. कुणा उमरावाने ‘ही माझी माणसे’ असे म्हणायला हवे.

म्हणून त्याच वर्षी जेम्स बर्बेज आणि त्याच्या सोबत्यांनी लेस्टरच्या उमरावाला अर्ज केला. पगार नको, फक्त तुमच्या घरच्या चाकरांचा पोशाख आणि तुमचे नाव द्या, एवढेच मागणे. पुढे शेक्सपिअर ज्या मंडळीत होता तिला ‘लॉर्ड चेंबरलेनची माणसे’ म्हणत, त्यामागेही हेच. आपण याला हौसेने राजाश्रय म्हणतो. माझ्या मते तो मुळात अटक टाळण्याचा दाखला होता.

इंग्रजीत भटक्यासाठीचा ‘व्हेग्रंट’ हा शब्द या कायद्यांच्या सावलीतच वाढला. लॅटिनमध्ये भटकण्याला जे क्रियापद आहे, त्याची पिलावळ इंग्रजीत भरपूर. ‘व्हॅगाबाँड’ त्यातलाच. हद्द ओलांडून भटकणारा तो ‘एक्स्ट्रॅव्हॅगंट’, म्हणजे उधळ्या. मेंदूतून निघून छातीतून पोटापर्यंत हिंडणारा दहावा मज्जातंतू तो ‘व्हेगस’. ज्याचा अर्थ एका जागी ठरत नाही ते ‘व्हेग’. ‘व्हेग्रंट’ मात्र बहुधा या घरात दत्तक आलेला. अनेक कोशकारांच्या मते तो जुन्या फ्रेंचमधल्या एका जर्मानिक क्रियापदावरून आला, म्हणजे त्याचे खरे नाते साध्या ‘वॉक’शी, चालण्याशी. लॅटिन नातेवाइकांचे वळण त्याला नंतर लागले.

चालणे गुन्हा कसे झाले, याचे उत्तर प्लेगच्या साथीत सापडते. १३४८-४९ च्या साथीत इंग्लंडची तिसरा हिस्सा ते निम्मी माणसे गेली. जी उरली त्यांच्या मजुरीला भाव आला. शेजारच्या परगण्यात दोन पैसे जास्त मिळतात म्हटल्यावर माणूस चालू लागणारच. जमीनदारांना हे कसे परवडावे? १३४९ च्या फर्मानाने साठीच्या आतल्या धडधाकट माणसाला साथीपूर्वीच्या मजुरीवर काम सक्तीचे केले आणि धडधाकट भिकाऱ्याला भीक घालण्यावर बंदी आणली. १३५१ मध्ये त्याचा पक्का कायदा झाला. राग भटकण्यावर नव्हता, शेत सोडून जाण्यावर होता. ट्यूडर काळात अशा माणसांना ‘बिनधन्याची माणसे’ असेच नाव पडले. गावच्या वेशीवर आपल्याकडेही पहिला प्रश्न ‘तू कुणाचा?’ हाच असे. तिथे तो कायद्याने विचारला गेला आणि उत्तर न देणाऱ्याच्या अंगावर उमटवला गेला. १५४७ च्या कायद्यात छातीवर ‘व्ही’ अक्षराचा डाग आणि दोन वर्षांची गुलामी होती. ती शिक्षा इतकी अघोरी, की राबवायला फारसे कुणी धजावले नाही आणि तीनेक वर्षांत कायदाच मागे घ्यावा लागला.

हा सगळा पसारा १८२४ च्या व्हेग्रन्सी कायद्याने एका जागी आणला. नेपोलियनशी चाललेले युद्ध संपले होते आणि घरी पाठवलेले सैनिक-खलाशी रस्त्यावर आले होते. या कायद्याने माणसांच्या तीन पायऱ्या केल्या: आळशी व बेशिस्त, भामटे व भटके, आणि शेवटी न सुधारणारे भामटे. उघड्यावर झोपणारा त्यात आला, हात पाहून भविष्य सांगणारा आला, आणि ‘संशयित’ म्हणून रेंगाळणाराही आला. या शेवटच्या शब्दाच्या आधाराने दीडशे वर्षांनंतर लंडनचे पोलीस कृष्णवर्णीय पोरांना रस्त्यात धरत होते. त्या तरतुदीला बोलीत ‘सस’ म्हणत. १९८१ च्या एप्रिलमध्ये ब्रिक्स्टन पेटले, आणि त्याच वर्षी ती काढून टाकण्यात आली. बाकीचा कायदा राहिला. २०२२ मध्ये संसदेने तो रद्द करण्याची तरतूद केली, पण अंमल लांबणीवर टाकला. मग २०२५ च्या जूनमध्ये सरकारने पुन्हा तीच घोषणा केली. द्विशताब्दी मात्र त्याने सुखरूप ओलांडली.

हिंदुस्थानात ‘व्हेग्रंट’ हा शब्द उतरला तो आधी गोऱ्या माणसासाठी, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १८६९ चा आणि नंतर १८७४ चा युरोपियन व्हेग्रन्सी कायदा फक्त युरोपीय वंशाच्या माणसांसाठी होता. मुंबई बंदरात जहाज सुटून गेलेले खलाशी, रेल्वेतून काढलेले कामगार, पलटणीतून मुक्त झालेले शिपाई, ऑस्ट्रेलियातून लष्करासाठी घोडे घेऊन आलेले आणि घोडे विकले गेल्यावर अडकून पडलेले मोतद्दार, अशी ही गर्दी. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले, कापसाची तेजी कोसळली आणि मुंबईत पैशांचा दुष्काळ पडला. आता गोरा माणूस काळ्याच्या दारात हात पसरून उभा राहिला, तर राज्याचा रुबाब काय राहणार? म्हणून त्याला पकडायचे, सरकारी वर्कहाऊसात ठेवायचे, काम बघून द्यायचे, आणि नाहीच जमले तर सरकारी खर्चाने बोटीत बसवून द्यायचे. त्या काळच्या अँग्लो-इंडियन बोलीत अशा माणसाला ‘लोफर’ म्हणत. किपलिंगच्या ‘द मॅन हू वुड बी किंग’मध्ये, १८८८ च्या त्या कथेत, रेल्वेच्या मधल्या वर्गाच्या डब्यात असे लोफर भेटतात. आज आपण चाळीच्या कट्ट्यावरच्या पोराला लोफर म्हणून मोकळे होतो.

गोऱ्या भटक्याला बोटीचे तिकीट होते. काळ्या भटक्याला तारेचे कुंपण मिळाले. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा सुरुवातीला उत्तरेपुरता होता, १९११ मध्ये तो देशभर लागू करता येईल असा झाला. यात माणसाने काही करण्याची गरजच नव्हती. जमात गुन्हेगार, म्हणून जन्मणारे मूल गुन्हेगार. सोलापुरातली कुंपणातली वसाहत त्यातून उभी राहिली. लोक तिला ‘सेटलमेंट’ म्हणतात. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर पडायचे नाही आणि गिरणीत राबायचे. १३४९ च्या जमीनदाराला हे दृश्य ओळखीचे वाटले असते. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन. ‘उपरा’ आणि ‘उचल्या’ ही आत्मकथने याच जगातून आली.

अमेरिकेतही कथा वेगळी नव्हती. यादवी युद्धानंतर लगेच, १८६५ मध्येच, मिसिसिपीने मुक्त झालेल्या गुलामांना दर जानेवारीत नोकरीचा किंवा घराचा लेखी पुरावा बाळगायला लावला. नसेल तर व्हेग्रंट. दंड भरता आला नाही तर जो भरेल त्याच्याकडे राबायचे. म्हणजे धनी पुन्हा हजर.

फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल शहराच्या नियमात सोळाव्या शतकातली ती यादी विसाव्या शतकातही जिवंत होती: भामटे, भटके, हातचलाखीवाले, रात्री हिंडणारे, कामाशिवाय इकडून तिकडे फिरणारे, आणि बायकोच्या कमाईवर जगणारे धडधाकट पुरुष. एका रात्री दोन गोऱ्या तरुणी आणि दोन कृष्णवर्णीय तरुण एका गाडीतून शहराच्या मोठ्या रस्त्याने चालले होते. त्यांना ‘गाडीतून रेंगाळण्या’बद्दल अटक झाली. पापाख्रिस्तू खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो नियम फेटाळला. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी टोला हाणला, की या यादीत श्रीमंत बायकोशी लग्न केलेले गावचे प्रतिष्ठित बेकारही सापडतील. आणि फेटाळण्याचे कारण काय, तर संदिग्धता, इंग्रजीत ‘व्हेगनेस’. व्हेग्रंटांना पकडणारा नियम ‘व्हेग’ म्हणून बाद झाला. शब्दांची भाऊबंदकी अशी कधीकधी न्यायालयातही कामाला येते.

पक्षिनिरीक्षकांनी मात्र या शब्दाला सोन्याचे दिवस आणले. आपला नेहमीचा प्रदेश सोडून भलतीकडे पोचलेला पक्षी म्हणजे व्हेग्रंट. २०२१ च्या फेब्रुवारीत आसामच्या मागुरी बीलवर मँडरिन बदक उतरले तेव्हा दुर्बिणी घेऊन माणसे धावली. त्याच वर्षअखेरीस रशियाच्या पूर्व टोकाचा स्टेलरचा समुद्री गरुड अमेरिकेच्या पार दुसऱ्या किनाऱ्यावर, मॅसॅच्युसेट्समध्ये दिसला आणि पुढे मेनमध्ये गेला. त्याला पाहायला लोक शेकडो मैल गाडी हाकत आले. उपजीविकेचे साधन कुणी विचारले नाही.

ते विचारतो आपला मुंबईचा १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा. त्यात भीक मागणे म्हणजे केवळ हात पसरणे नव्हे. गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे किंवा काही विकणे या मिषाने पैसे मागणे त्यात येते. उपजीविकेचे दृश्य साधन नसताना, हा भिकेवर जगत असावा असे वाटेल अशा अवस्थेत सार्वजनिक जागी हिंडणे किंवा नुसते थांबणे हेही येते. पोलीस वॉरंटशिवाय धरू शकतात. पहिल्या खेपेला एक ते तीन वर्षे, पुन्हा सापडल्यास दहापर्यंत. मोरपिसांची टोपी घातलेला, हाती चिपळ्या घेऊन पहाटे दारात येणारा वासुदेव, नंदीबैलवाला, बहुरूपी, पिंगळा यांना या व्याख्येवर ठेवून पाहा. यातले बरेच जण सरकारच्याच भटक्या जमातींच्या यादीत आहेत, म्हणजे एक खाते त्यांना दाखला देते आणि दुसऱ्याच्या कायद्यात ते आरोपी ठरू शकतात.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर तुरुंगांतल्या जातिभेदाचे नियम रद्द केले. काही नियमावल्यांत तोवर लिहिलेले होते, की भटक्या जमातीच्या कैद्याला रात्रीच्या पहाऱ्यावर नेमू नये, कारण पळून जाण्याकडे त्याचा स्वाभाविक कल असतो. १९५९ चा तो कायदा दिल्लीलाही लागू होता. तिथे उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ ला हर्ष मंदर यांच्या खटल्यात भीक मागणे गुन्हा ठरवणारी त्याची कलमे घटनाबाह्य ठरवली. तो निकाल दिल्लीपुरता. जिथे कायदा जन्मला त्या महाराष्ट्रात तो चालूच आहे.