बाप्तिस्मा : पाणी, श्रद्धा आणि तारण

‘थेरीगाथे’तील पुण्णा थेरीचा प्रसंग शिकविताना आमच्या वर्गात एक प्रश्न बहुधा दरवर्षी उपस्थित होतो. पुण्णा ही दासी. कडाक्याच्या थंडीत पाणी भरण्यासाठी नदीवर उतरणे हे तिचे नित्याचे काम. त्याच थंडीत पापक्षालनासाठी नदीत कुडकुडत स्नान करणाऱ्या एका ब्राह्मणाला ती प्रश्न करते. पाण्याने पाप धुतले जात असेल, तर पाण्यातच राहणारे बेडूक, कासवे आणि सुसरी आधी स्वर्गाला जावयास हव्यात. आणि नदी पाप वाहून नेत असेल, तर ती पुण्यही का वाहून नेणार नाही, असा तिचा युक्तिवाद आहे. हा प्रसंग संपला की कोणीतरी विचारते : मग ख्रिस्ती धर्मातील बाप्तिस्मा हाही याच मालिकेतला नव्हे काय?

या प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर देणे सोपे आहे. परंतु ते अन्यायाचे होईल. दुसऱ्याचे मत खोडण्यापूर्वी ते त्याच्याच शब्दांत समजून घ्यावे, हा विचाराचा पहिला नियम होय. शिवाय या विषयाशी आपला एक जवळचा संबंध आहे. तो लेखाच्या अखेरीस स्पष्ट होईल.

एकदाच, आणि दुसऱ्याच्या हातून

‘बाप्तिस्मा’ हा शब्द मूळ ग्रीक असून त्याच्या धातूचा अर्थ ‘बुडविणे’ असा आहे. येशूच्या काळी यहुदी समाजात शुद्धीसाठी स्नान करण्याची चाल होतीच. हे स्नान मनुष्य स्वतः करी व प्रसंगपरत्वे पुनःपुन्हा करी. यार्देन नदीच्या काठी योहानाने जो बाप्तिस्मा दिला तो याहून वेगळा होता. तो पश्चात्तापाचा बाप्तिस्मा होता व दुसऱ्याच्या हातून घ्यावयाचा होता. स्वतः येशूनेही तो योहानाच्या हातून घेतला. पुढे ख्रिस्ती मंडळीने पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने द्यावयाचा बाप्तिस्मा स्वीकारला, आणि तो आयुष्यात एकदाच, असा नियम दृढ झाला.

हा भेद महत्त्वाचा आहे. ‘मज्झिमनिकाया’च्या वत्थूपमसुत्तात सुंदरिक भारद्वाज नावाचा ब्राह्मण बाहुका नदीच्या स्नानाचे माहात्म्य सांगतो. ते स्नान पापाचा मळ साचला की पुन्हा करावयाचे स्नान आहे. बाप्तिस्मा तसा नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने त्याचा संबंध आंघोळीशी न जोडता मृत्यूशी जोडला आहे : पाण्याखाली जाणे म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे, आणि वर येणे म्हणजे नव्या जीवनात उठणे. मळ धुणे ही कल्पना त्यात आहे; परंतु जुना मनुष्य मरणे ही कल्पना त्याहून मोठी आहे.

नव्या करारातील दोन सूर

तारणासाठी हे पाणी अनिवार्य आहे काय? नव्या करारात या प्रश्नावर दोन सूर ऐकू येतात. योहानाच्या शुभवर्तमानात येशू निकदेमाला पाणी व आत्मा यांपासून जन्म घेण्याची आवश्यकता सांगतो. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात पेत्र जमावाला पश्चात्ताप करण्यास व पापांच्या क्षमेसाठी बाप्तिस्मा घेण्यास सांगतो, आणि त्या दिवशी सुमारे ३००० लोक मंडळीत सामील होतात. हा एक सूर झाला.

दुसरा सूर त्याच ग्रंथांत आहे. कर्नेल्य नावाच्या रोमी अधिकाऱ्याच्या घरी पवित्र आत्मा आधी उतरतो आणि पाणी नंतर येते. याउलट शिमोन नावाचा जादूगार बाप्तिस्मा घेतो. तथापि पुढे तो आत्म्याचे सामर्थ्य पैसे देऊन विकत घेऊ पाहतो, तेव्हा त्याचे अंतःकरण सरळ नाही असे पेत्र त्याला बजावतो. येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराच्या वाट्याला कोणताही बाप्तिस्मा येत नाही. तरी त्याला सुखलोकाचे आश्वासन मिळते. आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात तर हे दोन्ही सूर एकत्र येतात. बाप्तिस्मा तारतो असे तेथे म्हटले आहे. पण लगेच स्पष्ट केले आहे की, शरीराचा मळ काढणे हा त्याचा अर्थ नसून शुद्ध विवेकाने देवाला दिलेला प्रतिसाद हा त्याचा अर्थ आहे. म्हणजे पुण्णेने घेतलेला आक्षेप या परंपरेला अपरिचित नाही. तिने तो स्वतःच स्वतःला घातलेला आहे.

वादांचा इतिहास

पुढील शतकांत हे दोन सूर वेगळे होत गेले. ‘डिडाखे’ या प्राचीन पुस्तिकेत वाहते पाणी उत्तम मानले आहे. ते नसेल तर दुसरे, आणि तेही पुरेसे नसेल तर मस्तकावर तीन वेळा ओतावे, अशी सूट आहे. इ.स. २०० च्या सुमारास तेर्तुलियनाने लहान मुलांना घाईने बाप्तिस्मा देऊ नये असे मत मांडले. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनाने मृत्युशय्येवर, म्हणजे ३३७ साली, बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्म्यानंतर घडणाऱ्या पापांचे काय, या भीतीने तो लांबणीवर टाकण्याची प्रथा त्या काळी पुष्कळांत होती. पाण्याला केवळ पापक्षालन मानले की श्रद्धावान मनुष्यही कसा हिशेबी होतो, याचे हे उदाहरण आहे.

संत ऑगस्टीन याने आदिपापाचा सिद्धांत मांडून या विचाराला वेगळे वळण दिले. मनुष्य जन्मतःच आदामाच्या पापाचा वारस असेल, तर अर्भकालाही बाप्तिस्म्याची गरज आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. ४१८ च्या कार्थेज धर्मपरिषदेने या मताला पुष्टी दिली. त्यातून एक दुःखद प्रश्न निर्माण झाला : बाप्तिस्म्याविना मरण पावलेल्या बालकाचे काय? मध्ययुगीन पंडितांनी त्यांच्यासाठी ‘लिंबो’ नावाची, यातना नसलेली पण देवदर्शनही नसलेली अवस्था कल्पिली. तिला मंडळीच्या सिद्धांताचा दर्जा कधीच मिळाला नाही. परंतु कित्येक मातांच्या दुःखात तिने शतकानुशतके भर घातली असेल. २००७ साली कॅथलिक पंथाच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने अशा बालकांच्या तारणाची आशा बाळगण्यास आधार आहे, असा निर्वाळा दिला.

सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेत हा प्रश्न पुन्हा पेटला. ल्यूथरने बालबाप्तिस्मा कायम ठेवला. मात्र सामर्थ्य नुसत्या पाण्याचे नसून पाण्यासोबतच्या देववचनाचे व त्यावरील श्रद्धेचे आहे, असे त्याने १५२९ च्या आपल्या प्रश्नोत्तरीत शिकविले. झ्विंग्लीच्या मते बाप्तिस्मा हे बाह्य चिन्ह होते. त्याच्याच झुरिच शहरातील काही तरुणांनी यापुढचे पाऊल टाकले. समजून-उमजून ठेवलेल्या श्रद्धेवाचून बाप्तिस्मा नाही, असे म्हणून त्यांनी जानेवारी १५२५ मध्ये प्रौढपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला. त्यांपैकी फेलिक्स मान्त्स याला ५ जानेवारी १५२७ रोजी लिमात नदीत बुडवून ठार करण्यात आले. पाण्याच्या अर्थावरून वाद घालणाऱ्याला पाण्यानेच दिलेली ही शिक्षा धर्माच्या इतिहासातील एक लांच्छन होय.

कॅथलिक पंथाने ट्रेंटच्या धर्मपरिषदेत १५४७ साली बाप्तिस्मा तारणासाठी आवश्यक असल्याचे घोषित केले. तथापि त्याच परंपरेत ‘इच्छेचा बाप्तिस्मा’ व हुताम्यांचा ‘रक्ताचा बाप्तिस्मा’ यांनाही मान्यता आहे. म्हणजे पाण्यावाचूनही वाट पूर्णतः बंद नाही. दुसऱ्या टोकाला क्वेकर व साल्व्हेशन आर्मी हे समुदाय जलबाप्तिस्मा देतच नाहीत. १९८२ साली पेरूमधील लिमा येथे सिद्ध झालेल्या वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेसच्या निवेदनात बाप्तिस्मा हे देवाचे दान आणि मनुष्याचा प्रतिसाद अशा दोन्ही अंगांनी मांडला आहे. मतभेद मिटले नाहीत. परंतु ते नेमके कोठे आहेत हे त्यामुळे स्वच्छ झाले.

महाराष्ट्रातील एक उदाहरण

आपल्याकडे बाप्तिस्म्याला आणखी एक अर्थ आला, तो सामाजिक. कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्तावरील त्यांची श्रद्धा त्याआधीच जडली होती. पण घर फुटले ते या विधीने. त्यानंतर पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. तिची कहाणी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त सांगितली आहे. मनातील श्रद्धा जात सहन करू शकते; चारचौघांसमोर ओलांडलेला उंबरठा तिला सहन होत नाही. याच टिळकांनी आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, ‘देवाचा दरबार’ स्थापन केला व त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र बोलाविले. ज्याने त्या पाण्याची किंमत मोजली होती, त्यानेच त्याची भिंत होऊ नये अशी इच्छा धरली.

आपल्या दृष्टीने

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बौद्ध व ख्रिस्ती विचारांतील खरा भेद पाण्यात नाही. ख्रिस्ती मतानुसार पाप हा देवाशी असलेल्या नात्याचा भंग आहे. म्हणून क्षमा बाहेरून, कृपेने यावी लागते, आणि बाप्तिस्मा हे त्या कृपेचे चिन्ह वा साधन ठरते. बुद्धवचनानुसार अकुशल कर्म हे चित्ताचे मालिन्य आहे. ते ज्याचे त्यानेच दूर करावयाचे आहे. सुंदरिक भारद्वाजाला भगवंतांनी हेच सांगितले : सर्व प्राण्यांविषयी क्षेम, सत्य, अहिंसा व अचौर्य हेच स्नान. कृपा की स्वप्रयत्न, हा भेद मूलभूत आहे व तो झाकण्याचे कारण नाही.

परंतु येथेच थांबता येत नाही. पुण्णेच्या गाथांचा शेवट पुष्कळ वाचक विसरतात. युक्तिवादात हरलेला ब्राह्मण रित्या हाताने घरी जात नाही. तो त्रिशरण घेतो व शील ग्रहण करतो. पाणी गेले, पण उंबरठा राहिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमके हेच हेरले होते. १९५४ साली ब्रह्मदेशातील बुद्धशासन परिषदेला सादर केलेल्या निवेदनात त्यांनी म्हटले की, ख्रिस्ती धर्मात धर्मोपदेशकाच्या दीक्षेखेरीज सामान्य जनांसाठी बाप्तिस्मा आहे, बौद्ध उपासकांसाठी मात्र तसा विधी नाही, आणि म्हणून उपासक धम्मापासून निसटत जातात. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही संघदीक्षा होती पण धम्मदीक्षा नव्हती, ही उणीव त्यांनी धम्माच्या ऱ्हासाच्या कारणांत गणली आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ती उणीव भरून निघाली. भदंत चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण-पंचशील घेतल्यावर बाबासाहेबांनी स्वतः लक्षावधी अनुयायांना दीक्षा दिली व बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या. जुना मनुष्य मागे टाकून नवा होण्याचा तो क्षण होता.

म्हणूनच बाप्तिस्म्याचा इतिहास आपल्यालाही काही विचारतो. कॉन्स्टंटाइनाची चालढकल, शिमोनाचा सौदा, अर्भकाच्या मस्तकावरील अजाण पाणी, या सर्वांतून ख्रिस्ती विचारवंतांनी पुनःपुन्हा एकच प्रश्न स्वतःला विचारला : विधी झाला, पण मनुष्य पालटला काय? जन्माने बौद्ध असलेल्या आपल्या मुलांविषयी, आणि दरवर्षी दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा उच्चारून घरी परतणाऱ्या आपल्याविषयी, तोच प्रश्न विचारावा लागेल. पुण्णेची गाथा दुसऱ्याच्या नदीकडे बोट दाखविण्यासाठी नाही. आपण म्हटलेले पंचशील आपल्या व्यवहारात उतरले नाही, तर तेही केवळ ओठांचे स्नान ठरेल.