दारू सोडायचीय? नांदेड-लातुरात ‘एए’ची मीटिंग कशी शोधाल?

नांदेड, लातूरसारख्या शहरात मीटिंगला जायचं म्हटलं की धास्ती असते ओळखीचं कुणी भेटण्याची. भेटलंच, तर तोही बहुधा त्याच कारणासाठी आलेला असतो! १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसमध्ये, म्हणजे ‘एए’मध्ये, आडनाव सांगावं लागत नाही, फीही नसते. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट. मागे बसून नुसतं ऐकलं तरी चालतं. घरच्यांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’चे वेगळे गट असतात.

पत्ता सापडत नसेल तर १४४४६ या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनवर किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात विचारा. नांदेडचं महाविद्यालय विष्णुपुरीत आहे.

रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नये. फिट येऊ शकते, भास होतात, प्रसंगी जिवावर बेततं. हातपाय थरथरायला लागले तर मीटिंगची वाट न पाहता आधी दवाखाना गाठावा.