‘तो आता संपला’ : कबड्डीतले ज्येष्ठ, संघांच्या याद्या आणि सात गैरसमज

प्रो कबड्डी लीगचा हंगाम आटोपतो, काही महिन्यांनी संघांच्या याद्या जाहीर होतात आणि भिवंडीच्या धामणकर नाक्यावर चर्चेला तोंड फुटतं. लूमची पाळी संपवून चहाला थांबलेली पोरं मोबाइलवर नावं वाचत असतात. कोणाला ठेवलं, कोणाला सोडलं, कोणावर बोलीच लागली नाही. ओळखीचं जुनं नाव यादीत दिसलं नाही, की कोणीतरी निकाल देऊन टाकतो, “तो आता संपला.”

हे बोलणं हवेत विरत नाही. यातली कितीतरी मुलं संध्याकाळी आपापल्या मंडळाच्या मैदानावर उतरतात. आवडत्या खेळाडूबद्दल ऐकलेला निकाल ती स्वतःला लावून घेतात. सत्ताविशीत खेळ सोडतात, गुडघ्याचं दुखणं लपवतात, नोकरीची संधी हातची घालवतात. म्हणून या समजुती एकेक करून तपासून पाहिल्या पाहिजेत.

गैरसमज 1 : तिशी उलटली की कबड्डीपटू संपतो.

वस्तुस्थिती : वय जन्मतारखेवरून मोजतात, खेळाडूची झीज मात्र त्याच्या कामावरून मोजावी लागते. परदीप नरवाल हे या लीगमधलं चढायांचं सगळ्यांत मोठं नाव. त्याच्या नावावर चढाईचे 1,800 हून अधिक गुण आहेत. 2025 च्या लिलावात त्याच्यावर बोली लागली नाही आणि त्याने निवृत्ती जाहीर केली, तेव्हा तो 28 वर्षांचा होता. त्याच वर्षी 31 ऑक्टोबरला दबंग दिल्लीने अंतिम सामन्यात पुणेरी पलटणला 31-28 असं हरवलं. त्या विजेत्या संघाच्या बचावात इराणचा फझल अत्राचली होता, वय 33. हाच फझल 2015 मध्ये यू मुंबाच्या विजेत्या संघातही होता.

हा फरक का पडतो, ते चढाई जवळून पाहिली की कळतं. परदीपची ओळख होती त्याची डुबकी. समोर साखळी जुळली, की कंबरेतून वाकून बचावपटूंच्या हाताखालून निसटायचं आणि त्याच झटक्यात मध्यरेषेकडे झेपावायचं. त्यासाठी गुडघा, कंबर आणि मांडीचे स्नायू एका क्षणात पूर्ण ताकदीने चालावे लागतात, तेही एका सामन्यात अनेक वेळा. कोपऱ्यात उभ्या बचावपटूचं काम निराळं. 30 सेकंदांच्या चढाईत तो बराच वेळ वाट पाहतो. चढाईपटूचा भार पुढच्या पायावर कधी येतो, तो वळायला कोणता खांदा आधी फिरवतो, हे तो वाचत असतो. भार पुढच्या पायावर आला, की घोटा धरायचा. ही नजर वर्षानुवर्षांच्या खेळातून येते. लूम दुरुस्त करणारा जुना जॉबर नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखतो, तसंच हे.

इतर खेळांतही वयापेक्षा जागा महत्त्वाची ठरते. कॅनडाच्या फुटबॉल लीगमध्ये दर हिवाळ्यात ज्येष्ठांना ठेवायचं की सोडायचं, यावर असाच खल होतो. तिथे मॉन्ट्रियलचा अँथनी काल्व्हिलो वयाच्या 41 व्या वर्षापर्यंत खेळला. तो क्वार्टरबॅक होता. त्याचा खेळ पळण्यापेक्षा मैदान वाचून चेंडू फेकण्यावर उभा होता.

गैरसमज 2 : संघाने सोडलं, म्हणजे खेळाडू कामातून गेला.

वस्तुस्थिती : खेळाडूला सोडण्यामागे बहुतेक वेळा पैशांचं गणित असतं. अलीकडच्या हंगामांत प्रत्येक संघाला खेळाडूंवरच्या खर्चासाठी 5 कोटी रुपयांची मर्यादा आहे. ठेवलेल्या खेळाडूंचं मानधनही त्यातूनच जातं. दोघांना कोटी-कोटी दिले, तर उरलेल्या तीन कोटींत बाकीचा अख्खा संघ उभा करावा लागतो.

पुणेरी पलटणने 2023 च्या लिलावात इराणच्या मोहम्मदरझा शादलूवर 2 कोटी 35 लाख मोजले. 1 मार्च 2024 ला हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून पलटणने पहिलं विजेतेपद मिळवलं. त्यानंतर त्याच शादलूला संघाने मोकळं केलं. हरियाणाने त्याला 2 कोटी 7 लाखांना घेतलं आणि पुढच्या हंगामात तोही विजेता ठरला. ज्याला सोडलं तो निरुपयोगी, असं म्हणणाऱ्यांनी शादलूचा हा प्रवास आठवावा.

शिवाय ‘फायनल बिड मॅच’ नावाची सोय आहे. संघ खेळाडूला लिलावात जाऊ देतो, दुसऱ्याची शेवटची बोली लागली की तीच रक्कम मान्य करून त्याला परत घेऊ शकतो. 2018 मध्ये मुंबईकर रिशांक देवाडिगाला यूपी योद्धाने असंच 1 कोटी 11 लाखांना परत मिळवलं. यादीत नाव दिसलं नाही, म्हणून नातं तुटलं असं होत नाही.

गैरसमज 3 : एकदा भाव पडला, की पुन्हा वर येत नाही.

वस्तुस्थिती : चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीच्या सिद्धार्थ देसाईचे आकडे बघा. 2018 मध्ये यू मुंबाने त्याला 36 लाख 40 हजारांना घेतलं. पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सने 1 कोटी 45 लाख दिले. मग दुखापतीने घात केला. बहुतेक हंगाम बाहेर बसावं लागलं आणि किंमत खाली आली. पण ऑक्टोबर 2023 च्या लिलावात हरियाणाने त्याच्यासाठी पुन्हा 1 कोटी मोजले, तेव्हा त्याने तिशी ओलांडली होती.

पवन सेहरावतचं उदाहरण आणखी बोलकं आहे. 2022 मध्ये तमिळ थलायवाजने 2 कोटी 26 लाखांना घेतलेल्या पवनचा गुडघा पहिल्याच सामन्यात दुखावला आणि त्याचा अख्खा हंगाम गेला. तरीही पुढच्या लिलावात त्याची बोली 2 कोटी 60 लाख 50 हजारांवर गेली. आणि 2025 मध्ये तोच पवन 59 लाख 50 हजारांना गेला. लिलावाच्या दिवशी कोणत्या संघाला काय हवं आहे, कोणाच्या हातात किती पैसे उरले आहेत, नाव पुकारलं जातं तेव्हा आधी कोणकोण विकलं गेलेलं आहे, यावर भाव ठरतो. माणसाची लायकी त्यावरून ठरवू नये.

गैरसमज 4 : जुन्यांना काढून सगळे तरुण घेतले, की चषक आलाच.

वस्तुस्थिती : पुणेरी पलटणचा दाखला इथे नेहमी दिला जातो. अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते ही कोवळी पोरं जिंकली, हे खरंच आहे. पण ती एका लिलावात जमा झाली नव्हती. संघाने त्यांना आधीपासून तयार केलं, हरण्याचे दिवसही त्यांच्यासोबत काढले, आणि बी. सी. रमेश यांच्यासारखा मुरलेला प्रशिक्षक पाठीशी उभा राहिला.

आता दुसरी बाजू. 25 फेब्रुवारी 2022 ला दबंग दिल्लीने पाटणा पायरेट्सला 37-36 असं एका गुणाने हरवलं. नवीन कुमारसारखा विशीतला चढाईपटू गुण आणत होता, तर बचाव सांभाळायला जोगिंदर नरवाल, मनजित छिल्लर, जीवा कुमार हे मुरलेले खेळाडू होते. चाळिशीकडे झुकलेला जोगिंदर संघनायक होता. एका गुणाच्या सामन्यात कधी हात टाकायचा आणि कधी टाकायचा नाही, हे ज्याला कळतं त्याची किंमत करता येत नाही. जिंकणाऱ्या संघात सहसा तरुण पाय आणि अनुभवी डोकं, दोन्ही असतात.

गैरसमज 5 : सगळ्यांत महागडा खेळाडू घेतला, की संघ वर जातो.

वस्तुस्थिती : तेलुगू टायटन्सने पवनवर 2 कोटी 60 लाखांहून अधिक खर्च केले, त्या हंगामात 22 पैकी केवळ 2 सामने त्यांनी जिंकले. दोष पवनचा नव्हता. एका माणसावर अर्ध्याहून अधिक रक्कम गेल्यावर त्याला बाद केल्याबरोबर सावरायला दुसरा कोणी उरत नाही. याउलट, 2022 मध्ये पवनला पहिल्याच सामन्यात गमावलेला थलायवाज संघ नरेंदर आणि महाराष्ट्राचा अजिंक्य पवार यांच्या चढायांवर प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचला. कबड्डीत बाद झालेला खेळाडू परत यायला दुसऱ्याने गुण मिळवावा लागतो. हा खेळच एकमेकांना जिवंत करण्याचा आहे.

गैरसमज 6 : ज्येष्ठ खेळाडू होतकरू पोरांची जागा अडवतो.

वस्तुस्थिती : लीगच्या नियमांत नवोदित तरुणांसाठी स्वतंत्र गट आहे. त्या मुलांना मोठ्या खेळाडूंशी लिलावात झुंजावं लागत नाही. उलट, ज्येष्ठ सोबत असल्याने त्यांचं शिक्षण होतं.

अनुप कुमारचं पहा. पहिल्या पाच हंगामांत तो यू मुंबाचा संघनायक होता. पहिल्या तिन्ही हंगामांत त्याने संघाला अंतिम फेरीत नेलं आणि 2015 चं विजेतेपद मिळवून दिलं. 2016 च्या विश्वचषकात त्याच्याच नेतृत्वाखाली भारताने अहमदाबादेत इराणला 38-29 असं हरवलं. 2018 च्या लिलावाआधी यू मुंबाने एकही मोठा खेळाडू न ठेवता पाटी कोरी केली. अनुप 30 लाखांना जयपूरकडे गेला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निवृत्त झाला. मुंबई-ठाण्यातल्या चाहत्यांना तो निर्णय लागला, आणि लागणं स्वाभाविक होतं. पण पुढच्याच वर्षी तो पुणेरी पलटणचा प्रशिक्षक झाला. जोगिंदर नरवालने तर 2022 मध्ये संघनायक म्हणून आणि 2025 मध्ये प्रशिक्षक म्हणून, असा दोन्ही वेळा दिल्लीला चषक दिला. ज्यांना आपण जागा अडवणारे म्हणतो, ते पुढच्या पिढीचे गुरू असतात.

गैरसमज 7 : लीगमध्ये एकदा बोली लागली, की जन्माची ददात मिटली.

वस्तुस्थिती : भिवंडीतल्या प्रत्येक होतकरू मुलाने हा मुद्दा मनावर घ्यावा. कोटीची बोली मोजक्यांच्या वाट्याला येते. गेल्या काही लिलावांत सर्वांत खालच्या गटाची मूळ किंमत 9 लाख होती, आणि त्या गटातल्या अनेकांचं नाव पुकारूनही कोणी हात वर करत नाही. एका हंगामाचा करार पुढच्या हंगामाची हमी देत नाही.

महाराष्ट्राच्या कबड्डीपटूंना खरा आधार दिला तो नोकरीने. रिशांक देवाडिगा, काशिलिंग आडके, नितीन मदने, गिरीश इर्नाक यांच्यासारखे खेळाडू भारत पेट्रोलियमकडून खेळले. रेल्वे, पोलिस, महिंद्र यांच्या संघांनी कित्येक घरं उभी केली. मात्र ही दारंही आता पूर्वीइतकी सताड उघडी नाहीत. देना बँक 1 एप्रिल 2019 ला बँक ऑफ बडोदात विलीन झाली आणि एअर इंडिया जानेवारी 2022 मध्ये टाटा समूहाकडे गेली. या दोघांचेही संघ मुंबईच्या मैदानांवर नावाजलेले होते.

राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याची पडताळणी होते. गावच्या जत्रेतल्या स्पर्धेचा चषक, मोटारसायकल किंवा रोख बक्षीस तिथे चालत नाही. म्हणून बक्षिसाच्या स्पर्धा जरूर खेळा, पण जिल्हा आणि राज्य निवड चाचणी चुकवू नका, दहावी-बारावी सोडू नका, प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवा.

मग आपण काय करायचं?

यादी आली, की निकाल देण्याआधी तीन गोष्टी विचारा. खेळाडू कोणत्या जागेवर खेळतो? संघाच्या हातात किती पैसे होते? गेल्या हंगामात तो किती सामने तंदुरुस्त होता? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली, की ‘संपला’ हा शब्द बहुतेक वेळा तोंडातून निघणारच नाही.

आणि जे लीगमध्ये करायला हवं, ते आपल्या मंडळातही करता येईल. 15 जुलै हा कबड्डीमहर्षी बुवा साळवींचा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी सत्काराच्या शालीसोबत एक जबाबदारीही द्या. गावातल्या चाळिशीतल्या जुन्या खेळाडूला आठवड्यातून दोन संध्याकाळ पोरांच्या सरावाची सूत्रं द्या. स्पर्धेच्या खर्चात मंडप आणि ध्वनिक्षेपकाच्या आधी मैदानावरच्या डॉक्टरची आणि खेळाडूंच्या विम्याची तरतूद करा. गुडघा दुखतो असं सांगणाऱ्या मुलाला भित्रा म्हणू नका, त्याला अस्थिरोगतज्ज्ञाकडे न्या. ज्या पोराचा गुडघा विसाव्या वर्षी सांभाळला जाईल, तोच तिशीनंतरही कोपऱ्यात पाय रोवून उभा राहील.