दासव्याच्या वाटेवरची कॉलेजची वर्षं

२००९-१०च्या सुमारास पुण्यातल्या कॉलेजांच्या कट्ट्यांवर शनिवारी हमखास विषय निघायचा: उद्या लवासा? सिंहगड पाठ झालेला, पानशेत झालेलं, मुळशी धरणावर सगळ्यांचे फोटो काढून झालेले. काहीतरी नवं हवं होतं, आणि ते साठेक किलोमीटरवर उभं राहत होतं. पेट्रोलची कॉन्ट्री निघायची, बाकी सगळं टीटीएमएम. ज्याच्याकडे गाडी नाही तो डबलसीट.

चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, मग उरवडे आणि मुठा करत टेमघर धरणाच्या कडेने घाट चढायचा. खरी मजा या घाटातच होती, असं मला आजही वाटतं. पावसाळ्यात ढग रस्त्यावर उतरलेले असायचे, पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसायचा. वळणावर छत्री रोवून बसलेल्या एखाद्या मावशी निखाऱ्यावर कणीस फिरवत असायच्या. लिंबाची फोड तिखटमिठात बुडवून कणसावर दाबून चोळायची आणि ओल्या हातांनी ते गरम कणीस झेलायचं. शेजारच्या टपरीवर चहा आणि कांदाभजी. पोरं तासन्‌तास तिथेच रमायची, लवासा राहायचा बाजूला.

घाट उतरला की दासवे. इटलीतल्या पोर्तोफिनोच्या धर्तीवर पाण्याकाठी मांडलेल्या पिवळ्या-तांबड्या इमारती, फरसबंद वाटा, पाण्यालगतचा लांबलचक फिरण्याचा पट्टा. हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीने डोंगरांत लवासा हे पाच गावांचं शहर वसवायचं ठरवलं होतं, त्यातलं हे पहिलं. विमानात कधी न बसलेल्या मुलामुलींना इथे परदेशाची हौस भागवता यायची. ऑर्कुटवर आणि नंतर फेसबुकवर त्या इमारतींपुढचे फोटो किती चढले असतील! कयाक होती, पेडल बोट होती, पैसे जमले तर जेट स्की. अमेरिकन धाटणीच्या डायनरमध्ये एक मिल्कशेक चौघांत फिरायचा. तिथली हॉटेलं मात्र विद्यार्थ्यांच्या खिशाची नव्हतीच. डब्यातल्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी पाण्याकाठच्या पायऱ्यांवर बसून खायची, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे.

नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवलं, तसा कट्ट्यावरचा सूर बदलला. परवानगी न घेता डोंगर कापले, कातकरी आणि धनगर कुटुंबांच्या जमिनी गेल्या, पुण्याच्या पिण्याच्या पाण्याच्या वाटेत शहर उभं केलं, अशा आरोपांवरून मित्रामित्रांत कडाक्याची भांडणं व्हायची. ती व्हायलाच हवी होती. आपण फोटो काढतो ती जागा काल कुणाची होती, हे वयाच्या विसाव्या वर्षी कळलं तर सहल वाया जात नाही. वर्षभराने मंत्रालयाने अटींसह परवानगी दिली आणि रविवारची गर्दी पुन्हा सुरू झाली.

माझ्या लेखी लवासाच्या विद्यार्थी-जीवनातलं मोठं वळण वेगळंच आहे. तोवर मुलं इथे येऊन संध्याकाळी परत जायची. आधी हॉटेल व्यवस्थापन शिकणारी थोडी मुलं इथे राहू लागली, आणि २०१४ मध्ये बंगळुरूच्या ख्राइस्ट विद्यापीठाने दासव्यात शाखा उघडली. देशभरातून मुलं राहायला आली. डोंगराच्या कुशीतल्या या गावात ना मॉल, ना लक्ष्मी रोड, ना रात्रीची भुर्जीची गाडी. पुण्याला जायचं तर अख्खा दिवस काढावा लागे. मग मौज आपली आपणच करायची. संध्याकाळी पाण्याकाठी फेऱ्या, गिटार, फुटबॉल, परीक्षेनंतर टपरीवर मॅगीची पार्टी.

ऑगस्ट २०१८ मध्ये हे शहर उभारणाऱ्या लवासा कॉर्पोरेशनची दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. हौसेने थाटलेली खानपानाची ठिकाणं एकेक करून बंद पडली, भिंतींचे रंग उडाले, अर्धवट इमारतींतून सळया गंजू लागल्या. पुढे कोविडने उरलंसुरलं ओस पाडलं. पण जी मौज कंपनीने बांधलेली नव्हती, ती टिकली. दासव्यापासून पुढे धामणओहोळ गाठायचं आणि लिंग्या घाटाने कोकणात उतरून निसणीच्या वाटेने वर यायचं, हा ट्रेक आजही पायांचा कस पाहतो. खाली कोकणच्या बाजूला कुर्डूगड आहे. त्याच्याशी शिवकालीन वीर बाजी पासलकरांचं नाव जोडलेलं आहे. लवासा ज्यात वसलं त्या मोसे खोऱ्याचेच ते, आणि तिथल्या वरसगावच्या जलाशयालाही त्यांचंच नाव दिलेलं आहे. जेट स्कीच्या तिकिटापेक्षा अशा वाटेवरचा एक दिवस मी कोणत्याही विद्यार्थ्याला आधी सुचवीन, फक्त पावसाळ्यात नव्हे. जुलै २०२४ मध्ये मुसळधार पावसात इथे दरड कोसळून बंगले गाडले गेले. कापलेले डोंगर पावसात सुटतात, हे घाटात गाडी घालण्याआधी आठवायला हवं.

शहराचं पुढे काय, याचा निकाल अजून अडलेला आहे. राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने जुलै २०२३ मध्ये मंजूर केलेला लवासा ताब्यात घेण्याचा १,८१४ कोटींचा आराखडा पैसे न भरल्यामुळे पुढच्या वर्षी रद्द झाला. नवा मालक येईल तेव्हा घरं विकत घेणाऱ्यांचं ऐकलं जाईल, बँकांचं तर जाईलच. माझी मागणी एवढीच आहे की वर्षाचे बहुतेक दिवस या गावात प्रत्यक्ष राहणाऱ्या मुलांनाही विचारावं. त्यांना खेळायला मोकळं मैदान हवं, रात्री उजेड असलेले रस्ते हवेत, पुण्याला जाण्यायेण्याची परवडणारी सोय हवी, आणि आसपासच्या वाड्यांतल्या मुलांनाही त्या मैदानावर यायची मुभा हवी.