संस्थितिक अवस्थेतील प्रकाश : संरक्षण आणि त्याच्या मर्यादा

प्रस्तावना

प्रकाशाच्या वाटेतील लहानसा दोषही त्याचा काही भाग मागे परतवतो. दोष वाढल्यास प्रकाश जागीच अडकून पडू शकतो. अँडरसन स्थानबद्धता या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या घटनेवर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही संशोधन झाले आहे. दोष असूनही प्रकाश पुढे जाईल अशी रचना शक्य आहे काय, हा याच प्रश्नाचा दुसरा पैलू होय.

संकल्पना

संस्थितिशास्त्र म्हणजे टोपॉलॉजी. ताणले वा वाकविले तरी न बदलणाऱ्या गुणधर्मांचा विचार ते करते. ध्रुवणाची अवस्था बंद मार्गाने फिरून मूळपदावर आली, तरी तरंगाच्या कलेत त्या मार्गाच्या भूमितीनुसार फरक उरतो, हे एस. पंचरत्नम् यांनी १९५६ मध्ये दाखविले. मायकेल बेरी यांनी १९८४ मध्ये पुंज यामिकीत तशीच कला स्वतंत्रपणे मांडली. आवर्ती रचनेतील एका पट्ट्याच्या सर्व तरंग-अवस्थांवर अशा कलांची बेरीज केल्यास चर्न अंक हा पूर्णांक मिळतो. पूर्णांक किंचितसा बदलू शकत नाही. म्हणून किरकोळ दोषांनी तो ढळत नाही.

शून्येतर चर्न अंकामुळे रचनेच्या आत प्रवेश नसलेल्या कंप्रतेचा प्रकाश काठावरून एकाच दिशेने वाहतो. भाईंदरच्या मिठागरांत आत पाणी असते, वाट बांधावरूनच असते; तसेच हे आहे. मात्र बांधावरून परत फिरता येते, येथे परतीची वाटच नसते.

प्रयोग

हॅल्डेन व राघू यांचा प्रस्ताव २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी २००९ मध्ये चुंबकीय क्षेत्रात फेराइटच्या दांड्यांची जाळी मांडून सुमारे ४.५ गिगाहर्ट्झच्या सूक्ष्मतरंगांवर तो पडताळला. वाटेत धातूचा अडथळा ठेवला असता तरंग मागे न परतता त्याला वळसा घालून गेले.

मर्यादा

दृश्य प्रकाशाच्या कंप्रतेला पदार्थांचा असा चुंबकीय प्रतिसाद फार क्षीण असतो. म्हणून २०१३ मध्ये सिलिकॉनच्या वलयांची जाळी आणि काचेतील मळसूत्री तरंगवाहक हे चुंबकाविना मार्ग पुढे आले. वलयांमध्ये दोन्ही दिशांच्या अवस्था असतात. त्यांना परस्परांत मिसळणारा दोष संरक्षण मोडतो. पदार्थात होणारे प्रकाशाचे शोषणही कोणत्याच रचनेत टळत नाही.

निष्कर्ष

‘संस्थितिक’ म्हणजे सर्वथा अभेद्य नव्हे. संरक्षण कोणत्या सममितीवर उभे आहे आणि कोणत्या दोषांपुरते आहे, हे प्रत्येक रचनेबाबत तपासूनच विद्यार्थ्यांसमोर हा विषय मांडणे इष्ट ठरते.