भाकीत खरे ठरले, कंपनी दिवाळखोरीत गेली

कोडॅकमधल्या स्टीव्ह सॅसन या तरुण इंजिनिअरने 1975 मध्ये फिल्मशिवाय फोटो काढणारा कॅमेरा बनवला. साडेतीन किलोंच्या त्या खोक्याला एक कृष्णधवल चित्र कॅसेटवर उतरवायला 23 सेकंद लागत. पुढे 1981 मध्ये सोनीने इलेक्ट्रॉनिक कॅमेरा दाखवला, तेव्हा कोडॅकने अंतर्गत पाहणी केली. फिल्मची जागा डिजिटल घेणार, पण तयारीला साधारण दहा वर्षे हाताशी आहेत, असा तिचा निष्कर्ष होता. अंदाज बराचसा बरोबर निघाला. तरी जानेवारी 2012 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. डिजिटलवर तिने पैसा लावलाच नाही, असे नव्हे. पण नफा फिल्ममधून येत राहिला आणि जुना धंदा सांभाळण्याकडेच कल राहिला. म्हणून भविष्यवेधाचा कस भाकीत खरे ठरण्यात नाही, आजचा निर्णय बदलण्यात आहे.

शेल या तेल कंपनीत पिएर वॅक यांनी नेमके हेच ओळखले. पुढच्या वर्षी तेलाचा भाव किती, हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला आणि विकणाऱ्या देशांच्या जागी बसून विचार केला. अमेरिकेचे स्वतःचे उत्पादन 1970 नंतर उतरणीला लागले होते, युरोप-जपानची मागणी वाढत होती. खर्च करता येईल त्याहून जास्त पैसा मिळत असेल, तर सौदी अरेबियाने जमिनीतले तेल घाईने का उपसावे? गंगेच्या वरच्या खोऱ्यात धो धो पाऊस पडला, की काही दिवसांनी बनारसला पूर येणार हे भाकीत नसते, तो हिशेब असतो, असे वॅक समजावत. ठरलेले काय आणि अनिश्चित काय, हे वेगळे करून त्यांनी 1972 मध्ये वरिष्ठांपुढे संभाव्य चित्रे मांडली. ऑक्टोबर 1973 च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तीन डॉलरच्या आसपासचे पिंप जानेवारीपर्यंत जवळपास बारा डॉलरवर गेले. युद्धाची तारीख शेलला ठाऊक नव्हती. पण भाव भडकल्यावर रिफायनऱ्यांवरची गुंतवणूक तिने स्पर्धकांच्या आधी आवरती घेतली.

एक नेम लागला म्हणून एवढे कौतुक कशाला, हा आक्षेप रास्त आहे. याच शेलला 1995 मध्ये ब्रेंट स्पार ही तेल साठवणारी तरंगती टाकी समुद्रात बुडवण्याच्या बेतावर युरोपभर उसळलेल्या रोषाने गाठले. तेलसाठ्यांचे फुगवलेले आकडे 2004 मध्ये उघड झाल्यावर तिच्या अध्यक्षांना पायउतार व्हावे लागले. पण त्यातून पद्धत निरुपयोगी ठरत नाही. ती आपोआप चालत नाही, एवढेच ठरते. वॅक यांच्या गटाचे पहिले प्रयत्नही फुकट गेले होते. चित्रे होती, पण त्यांतून साहेबांच्या मनातले गृहीतक हलत नव्हते.

दुसरा आक्षेप खर्चाचा. लहान कारखानदाराला असा विभाग कुठून परवडणार? पण लागते ती शिस्त. चाकणमध्ये सायलेन्सर किंवा पिस्टन बनवणाऱ्याला बॅटरीवरच्या गाडीत हे दोन्ही भाग नसतात, हे कोणी सांगायला नको. ते ठरलेले. गिऱ्हाईक किती वेगाने वळेल, ते अनिश्चित. मग वळण लवकर आले तर आणि उशिरा आले तर, अशा दोन चित्रांवर नव्या मशीनचे कर्ज घासून पाहावे. दोन्हींत फिटणारे कर्ज बिनधास्त घ्यावे. एकातच फिटत असेल, तर आपण जुगार खेळतो आहोत हे जाणून सही करावी. ट्रेंडचा महागडा अहवाल वाचून एकही सही बदलत नसेल, तर त्याचे पैसे वायाच गेले.